आलेल्यांचा तक्ता आणि गेलेली माणसं

(धाराशिव इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून निम्मी खुर्ची रिकामी राहील असं मला वाटलं होतं. तशी नाही राहिली, बरं वाटलं. विषय असा की जनगणनेत स्थलांतराची आणि रोजच्या ये-जा करण्याची जी माहिती गोळा होते, ती आपल्याला घरबसल्या इंटरनेटवर कशी बघायला मिळते, आणि बघितल्यावर हाती काय लागतं. संयोजक म्हणाले, माहिती देऊ नका, समीक्षा करा. मला ते आवडलं. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, मग तक्त्याची का नको? तक्ताही कुणीतरी लिहिलेला असतो. कुठला रकाना ठेवायचा, कुठला गाळायचा, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. आणि कादंबरीत एखादं पात्र गाळलं तर फार तर वाचक हळहळतो, तक्त्यात गाळलं तर त्या माणसाच्या वाट्याची शाळा, बस, रेशन गळतं.

तर आधी दारातून आत जाऊ. भारताच्या महानिबंधकांचं, म्हणजे जनगणना आयुक्तांचं संकेतस्थळ आहे. ते इंग्रजीत आहे, हिंदीत आहे. मराठीत नाही. तिथं शोधाच्या चौकटीत ‘धाराशिव’ लिहिलं तर २०११ च्या तक्त्यांत काही सापडणार नाही. याला त्यांचा दोष म्हणता येत नाही, मोजणी २०११ ची आणि नाव अधिकृतपणे बदललं २०२३ मध्ये. उस्मानाबाद शोधायचं. तेही इंग्रजी स्पेलिंग त्यांचं असेल तसं. बीड हवं असेल तर आपण शाळेत शिकलो ते दोन ई घालून मिळत नाही, तिथं बी-आय-डी, ‘बिड’ आहे. भूम तिथं बी-एच-यू-एम. माझं ऐकाल तर नावाच्या नादी लागूच नका, क्रमांक लक्षात ठेवा. महाराष्ट्र २७, आपला जिल्हा ५२५. नावं बदलतात, सरकारं बदलतात, २०११ च्या फायलीत ५२५ म्हणजे आपणच.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पुढच्या जनगणनेत आपण धाराशिव असू. २०११ आणि २०२७ शेजारी ठेवून बघणाऱ्या पोराला उस्मानाबाद आणि धाराशिव एकच, हे माहीत असेल. संगणकाला कोण सांगणार? आणि आपल्या जिल्ह्याला तर याची आधीपासून सवय आहे. १९८२ साली लातूर आपल्यातून वेगळं झालं. म्हणजे १९८१ च्या जनगणनेत जो उस्मानाबाद जिल्हा आहे त्यात आजचं लातूर धरलेलं आहे. १९८१ साली औशाहून तुळजापूरला आलेला माणूस जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हलला होता. १९९१ साली तोच माणूस, त्याच घरात, त्याच ओसरीवर बसून, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला ठरला. तो हललाच नाही, हद्द हलली. चांगल्या साधनानं अशा ठिकाणी थांबवून सांगायला पाहिजे, ‘अहो, इथं हद्द बदलली आहे, तुलना जपून करा.’ आपल्याकडं एक्सेलची फाईल उतरते, आणि पुढं तुम्ही आणि तुमचं नशीब.

आता मुख्य तक्ता. स्थलांतराच्या सगळ्या तक्त्यांना ‘डी’ हे अक्षर आहे. त्यातला डी-३ उघडा. मागचं राहण्याचं ठिकाण कुठलं, इथं येऊन किती काळ झाला, आणि कशासाठी आलात, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत. मागचं ठिकाण विचारायला १९७१ पासून सुरुवात झाली, त्याआधी नुसतं जन्मस्थान विचारत. कारण विचारायला लागले १९८१ पासून. म्हणजे प्रश्न हळूहळू शहाणे होत गेले, हे मान्य करायला पाहिजे. देशभरात २०११ साली साधारण साडेपंचेचाळीस कोटी माणसं या व्याख्येनं स्थलांतरित निघाली. दर दहात जवळजवळ चार. आकडा प्रचंड आहे, आणि त्यात जवळपास निम्मी माणसं लग्नामुळं हललेली, म्हणजे बहुतेक सगळ्या बायका.

तर डी-३ मध्ये ५२५ क्रमांकाच्या ओळी काढल्या. काय दिसतं? उस्मानाबाद जिल्ह्यात कोण आलं ते दिसतं. ‘जिल्ह्यातल्या जिल्ह्यात’ किती, ‘राज्याच्या इतर जिल्ह्यांतून’ किती, मग कर्नाटक, आंध्र, अशी राज्यांची यादी. आलेल्यांचा हिशेब.

आता मला सांगा, आपला प्रश्न काय आहे? आपल्याकडं कोण आलं हा आहे का? आपल्याकडून कोण गेलं, कुठं गेलं, हा आपला प्रश्न आहे. वाशी, भूम, परंडा, कळंबची माणसं कोयता घेऊन कुठं गेली? उमरगा-लोहाऱ्याची पोरं पुण्यात कुठल्या भागात आहेत, हैदराबादला किती आहेत? ते आपल्या तक्त्यात कधीच येणार नाही, कारण माणूस जिथं मोजला तिथल्या तक्त्यात तो पडतो. ठीक आहे, मग पुण्याचा तक्ता उघडू. २०११ साली राज्यात ३५ जिल्हे होते. बाकीच्या चौतीस जिल्ह्यांचे तक्ते उघडू, एक रात्र जागू. पण तिथं काय लिहिलंय? ‘राज्याच्या इतर जिल्ह्यांतून’. बस्स. कुठल्या जिल्ह्यातून, ते नाही. पुण्याच्या त्या एका ओळीत धाराशिवचा माणूस, सिंधुदुर्गचा माणूस आणि गडचिरोलीचा माणूस एकाच पोत्यात भरलेले आहेत.

म्हणजे ज्या जिल्ह्यातून माणसं जातात त्या जिल्ह्याला स्वतःकडं बघायला या तक्त्यात आरसाच नाही. ज्या शहरात माणसं येतात त्याला निदान धूसर तरी आहे. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही आहे, बाकीच्या तिच्यापुढं किरकोळ आहेत.

आणि असं नाही की ही माहिती गोळाच होत नाही. प्रगणक मागच्या ठिकाणाचा जिल्हा लिहून घेतो, अर्जात तो रकाना आहे. जिल्हा ते जिल्हा असा मोठा चौकोन बांधता येतो, आणि तो बांधून अभ्यासही झालाय. २००१ च्या तशा आकड्यांवर काही अर्थशास्त्रज्ञांनी काम केलं, ते २०१८ साली प्रसिद्ध झालं. त्यांना आढळलं की शेजारशेजारचे दोन जिल्हे एकाच राज्यात असले तर त्यांच्यात माणसं जेवढी हलतात, त्यापेक्षा मध्ये राज्याची हद्द असली की कितीतरी कमी हलतात. अंतर तेवढंच असलं तरी. उमरग्याच्या माणसाला हे वाचून काही नवल वाटणार नाही. पलीकडं गेलं की शाळेची भाषा बदलते, दाखले बदलतात, रेशन दुकानात विचारपूस होते. पण बघा, हा निष्कर्ष निघाला कशातून? जो चौकोन अभ्यासकांना मिळाला आणि तुम्हा-आम्हाला त्या संकेतस्थळावर मिळत नाही, त्यातून.

वेळेचं एक सांगून टाकतो. मोजणी २०११ ची, आणि स्थलांतराचे सविस्तर तक्ते बाहेर आले २०१९ मध्ये. मोजणीच्या वर्षी जन्मलेलं लेकरू तोवर तिसरीत गेलं होतं. मधल्या काळात २०१२-१३ चा दुष्काळ झाला, २०१५-१६ चा झाला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तक्ता आला तेव्हा त्यातला मराठवाडा त्या दोन्ही दुष्काळांच्या आधीचा होता. केंद्र सरकारलाही वाट बघणं जमलं नाही. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत त्यांनी रेल्वेच्या बिनआरक्षित प्रवाशांचे आकडे घेऊन स्थलांतराचा अंदाज बांधला. जनरल डब्यातल्या गर्दीवरून! माझा त्याला विरोध नाही, कल्पना हुशारीची होती. पण आपल्याकडचा ऊसतोड मजूर रेल्वेनं जातच नाही. तो ट्रकनं नाही तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून जातो. म्हणजे तिथंही निसटला.

आता ‘कारण’ या रकान्याकडं येऊ. २०११ मध्ये सात कारणं होती. काम किंवा नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत आले, आणि इतर. ‘जन्मानंतर हलवलं’ हे काय, असं विचाराल. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना. लेकरू जन्मलं माहेरच्या गावी, सव्वा महिन्यानं की तीन महिन्यांनी आलं बापाच्या गावी. जनगणनेच्या हिशेबानं ते बाळ स्थलांतरित! (हशा) तर अशा बाळांसाठी २००१ पासून हे कारण घातलं. घातलं ते बरंच केलं.

पण त्याच वेळी एक कारण काढलं. १९९१ च्या अर्जात होतं, ‘दुष्काळ, पूर अशी नैसर्गिक आपत्ती’. २००१ मध्ये ते वगळलं. आता तारखा लावा. १९९१ ची मोजणी झाली, तेव्हा आपल्याकडं भूकंप झालेला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ ला झाला. किल्लारी, सास्तूर, हा सगळा पट्टा उद्ध्वस्त झाला, आणि लातूर-उस्मानाबाद मिळून ५२ गावं उठवून दुसरीकडं वसवली. त्यानंतरची पहिली मोजणी २००१ ची. आपल्याला तो रकाना लागणार होता त्याच वेळी तो गेला. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दिल्लीत बसून बघितलं तर त्या रकान्यात फार थोडी माणसं पडत असणार. सरासरी बघणाऱ्याला थोडी माणसं म्हणजे कागद वाया. ज्या दोन तालुक्यांत ती थोडी माणसं एकवटलेली असतात त्यांना तो रकाना म्हणजे पुरावा असतो.

आणि त्यातही एक मेख आहे बघा. गावठाण उठून चार किलोमीटरवर गेलं, गावाचं नाव तेच राहिलं, शेजारी तेच राहिले. प्रगणकानं विचारलं, ‘या गावात तुम्ही दुसरीकडून आलात का?’ प्रामाणिक उत्तर काय? ‘नाही, आम्ही इथलेच.’ अख्खं गाव हललं आणि स्थलांतरित एकही नाही.

कोयत्याचं बोलू. इथं बसलेल्यांपैकी अर्ध्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी शब्दांकनात येऊ द्या. एक कोयता म्हणजे एक माणूस नाही, एक जोडपं. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते, आणि कोपीवर येऊन भाकरी पण तीच थापते. ती सांगलीच्या फडात मोजली गेली असं धरू. कारणाच्या रकान्यात एकच उत्तर घालायची मुभा आहे. तिचं काय लिहिणार? प्रगणक नवऱ्याला विचारतो, नवऱ्याचं ‘काम’ लिहितो, आणि बाईच्या पुढं हात आपोआप ‘कुटुंबासोबत’ वर जातो. उचल घेताना ती अर्धा कोयता, आणि तक्त्यात ती सोबत आलेली. सरकारी आकड्यांत कामासाठी हलणाऱ्या बायका इतक्या कमी दिसतात, त्यात अशा किती बायका असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

बरं, ती सांगलीत मोजली गेली हे तरी खरं का? २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी झाली. गळीत हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या जातात, मार्च-एप्रिलला परत येतात. जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या दिवसांत माणूस जिथं राहतो तिथं त्याला मोजायचं, आणि तो पूर्ण काळ घराबाहेर असेल तर घरी मोजायचं नाही. नियम सरळ आहे. पण टोळी आज या फडात, आठवड्यानं दुसऱ्या. कोपी म्हणजे पाचट आणि ताडपत्री, तिला घर क्रमांक कुठला? प्रगणक गेला तेव्हा सगळी फडात, कोपीत दोन वर्षांचं पोर आणि त्याला सांभाळणारी सात वर्षांची बहीण. वाशी तालुक्यातून या कुटुंबाची वजाबाकी नियमानं होते, सांगलीत बेरीज होईलच असं नाही. उलटही होतं, घरी राहिलेली म्हातारी म्हणते, ‘माझी लेकरं हायेत ती, लिहा नावं’, आणि मास्तर लिहितात. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी, आणि ती किती, हे सांगणारा तक्ता नाही.

याचा परिणाम कुठं होतो ते सांगतो. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकले. राज्य सरकारनं त्यांना गावी जाऊ द्यायचा निर्णय घेतला तेव्हा आकडा सांगितला गेला सुमारे १ लाख ३१ हजार. तो काही नऊ वर्षांपूर्वीच्या जनगणनेतून निघण्यासारखा नव्हता. कारखान्यांच्या आवारात आणि आसपास तेव्हा असलेल्या माणसांचा तो आकडा. आणि दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या वेळी आपल्या जिल्हा परिषद शाळांत काय चालतं? हंगामी वसतिगृहासाठी कोणाची पोरं राहणार, कोणाची जाणार, याची यादी. मंजुरी येईपर्यंत टोळी निघून गेलेली, पोरगं ट्रॉलीत. २०१८ पासून आपण आकांक्षित जिल्हा आहोत, आपल्या प्रगतीचा गुणफलक ऑनलाइन आहे. आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-पाणी, वित्त-कौशल्य, पायाभूत सुविधा असे त्याचे पाच विभाग. स्थलांतर हा विभाग त्यात नाही. पाच महिने पोर गावातच नसेल तर पोषणाचा आणि शिक्षणाचा गुण नेमका कोणाचा मोजता, हे मला कुणी समजावून सांगावं.

आता ये-जा. आपला शब्द ‘अप-डाउन’. त्याचा तक्ता बी-२८. घरापासून कामाचं ठिकाण किती लांब, आणि कशानं जाता. पायी, सायकल, मोटारसायकल, जीप-कार, रिक्षा-टेम्पो, बस, रेल्वे. दिसायला हा तक्ता फार देखणा आहे, आणि जिल्ह्यापर्यंत मिळतो. पण वरचं शीर्षक नीट वाचा. ‘इतर कामगार’. म्हणजे शेतकरी नाही, शेतमजूर नाही, घरगुती उद्योगवाला नाही. देशात २०११ साली ४८ कोटी काम करणारे होते, त्यांतले २० कोटी ‘इतर’. २८ कोटींना विचारलंच नाही की बाबा तू कामाला कसा जातोस. आपल्या जिल्ह्यात शेतीवर असलेल्यांचं प्रमाण देशाहून जास्त, म्हणजे आपल्यातला मोठा भाग या तक्त्याच्या बाहेर. सोयाबीन काढणीला, द्राक्षाच्या बागेत कामाला पहाटे टमटममध्ये वीस-वीस बायका कोंबून जातात, त्या जात नाहीतच. तक्ता असं धरून चालतो की शेतमजूर आपल्या गावच्या शेतात चालत जातो. हे गृहीतक जुनं झालं, माझ्या आजोबांच्या वेळचं.

दुसरं, अंतर आहे, दिशा नाही. धाराशिवहून सोलापूरला साठ-सत्तर किलोमीटर जाणारा आणि लातूरला जाणारा, दोघंही ‘५१ किलोमीटर व अधिक’ या एकाच रकान्यात. एसटीच्या माणसानं यावरून गाडी कुठल्या रस्त्यावर सोडावी? बार्शी आपल्याला जवळ, पण जिल्हा सोलापूर. बार्शीहून इथं येणारा माणूस सोलापूरच्या तक्त्यात, त्याची गर्दी मात्र आपल्या स्टँडवर.

आणि एक नाजूक गोष्ट. प्रगणक कोण असतो? बहुतेक ठिकाणी प्राथमिक शिक्षक. त्याला मुख्यालयी राहायची अट असते, त्यावर घरभाडे भत्ता, ग्रामसभेचा ठराव, हे सगळं आपल्याला माहीत आहे. (हशा) तर सरकारी नोकराच्या घरी सरकारी माणूस विचारतो, ‘कामाला किती लांब जाता?’ उत्तर काय येणार! मी कुणाला खोटं ठरवत नाही. पण ज्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर पगारातून कापलं जाईल अशी भीती असते, त्याच्या उत्तरावर तक्ता उभा करताना तळटीप तरी द्यावी.

बाहेर काय आहे ते थोडक्यात. ब्रिटनमध्ये जनगणना एक वर्षापूर्वीचा पत्ता आणि कामाच्या ठिकाणाचा पत्ता विचारते. लीड्स आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांच्या मंडळींनी त्यावर ‘विसिड’ नावाचं साधन उभं केलं होतं. निघायची ठिकाणं निवडा, पोचायची निवडा, आणि तेवढाच चौकोन उतरवून घ्या. अमेरिकेच्या जनगणना खात्याचं ‘ऑन द मॅप’ आहे. नकाशावर आपलं गाव रंगवायचं, इथं राहणारे कुठं कामाला जातात ते दिसतं. पाहून हेवा वाटतो. पण भाळून जाऊ नका. अमेरिकेचं साधन मुख्यतः बेरोजगारी विम्याच्या नोंदींवर चालतं, ज्याच्या कामाची नोंद नाही तो त्यातही नाही. आणि इंग्लंडची ताजी जनगणना झाली २१ मार्च २०२१ ला, टाळेबंदीत. लोक घरून काम करत होते, आणि ये-जा करण्याचे आकडे असे आले की वापरताना दहा इशारे द्यावे लागतात. साधन कितीही गुळगुळीत असलं तरी मोजणीचा दिवस चुकला की ते चुकीचं उत्तर गुळगुळीतपणे देतं. आपला फेब्रुवारी असाच आहे, फक्त तो दर दहा वर्षांनी ठरवून येतो.

पुढची मोजणी आता २०२७ च्या फेब्रुवारीत आहे, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख. परत गळिताचा हंगाम. यावेळी मोबाइलवर नोंदणी आहे, स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. मग जिल्हा ते जिल्हा हा चौकोन बाहेर काढायला आठ वर्षं लागायचं कारण उरत नाही, आणि तो कुणा अभ्यासकाला अर्जविनंत्या करून मिळावा असंही कारण उरत नाही. तालुक्यापर्यंत द्या, मी तर म्हणेन. वाशी आणि उमरगा यांची सरासरी काढून कुणाचंच चित्र दिसत नाही. खाजगीपणाचा मुद्दा येईल, खरा आहे. लहान आकडे झाकायच्या पद्धती जगात वापरात आहेत, त्या वापरा. आणि मराठीत द्या. ज्या ग्रामसेवकानं, ज्या मुख्याध्यापकानं तो तक्ता वापरायचा, त्याला पहिल्या पानावरच अडवू नका.

प्रश्नांना वेळ ठेवलाय म्हणतात. हां, ताई बोला.

(प्रश्न: आम्ही दोघं दरवर्षी कर्नाटकात कारखान्याला जातो. सासू-सासरे गावी असतात. आमचं नाव गावाकडं घालायचं का तिकडं?)

ताई, नियमानं विचाराल तर मोजणीचे सगळे दिवस तिकडंच असाल तर तिकडं. गावी घालू नका, दोन्हीकडं तर नकोच. पण मोजणारा तुमच्यापर्यंत येईल याची खात्री मी देऊ शकत नाही. म्हणून टोळीतल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा. कारखान्याच्या गट ऑफिसात विचारा, मोजणी कधी आहे. तो आला की मागचं गाव विचारेल, तालुका-जिल्हा नीट सांगा, नवीन नाव सांगा. आणि तुमचं कारण विचारलं तर तुम्ही स्वतः सांगा, नवऱ्याला सांगू देऊ नका. ‘कामाला आले’ म्हणा. तो दुसरं काही लिहायला लागला तर थांबवा, आणि पुन्हा सांगा.